सागाच्या एकाच ओंडक्यातील निरनिराळे लाकूड

शाळेच्या नव्या खोलीला सागवानी चौकटी बसवाव्यात आणि दोन-चार वर्षांतच त्यांतून पिठासारखी भुकटी गळू लागावी, असे झाले की गावात पहिला संशय ठेकेदारावर येतो. 'तो साग नव्हताच' असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा लाकूड सागाचेच असते. मात्र झाडाच्या ज्या भागातून ते काढलेले असते, तो भाग टिकाऊ नसतो.

सागाचा ओंडका आडवा कापून पाहिला असता सालीच्या आत पांढरट पट्टा आणि त्याच्या आत सोनेरी तपकिरी गाभा दिसतो. पांढरा पट्टा म्हणजे रसकाष्ठ. मुळांनी शोषलेले पाणी यातूनच पानांपर्यंत चढते आणि यातील जिवंत पेशींत पिष्टाचा साठा असतो. गाभ्याला मध्यकाष्ठ म्हणतात. झाड वाढत असता रसकाष्ठाचा आतला थर क्रमाक्रमाने मृत होऊन गाभ्यात सामील होतो. मरण्यापूर्वी या पेशी आपला साठा खर्ची घालून निराळीच रसायने तयार करतात. टेक्टोक्विनोन हे त्यांपैकी एक असून ते वाळवीला मानवत नाही. सागवानावरून हात फिरवला असता जो तेलकट स्पर्श जाणवतो, तोही गाभ्यातील रबरासारख्या व तत्सम द्रव्यांमुळे होय.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. लाकडाचा सांगाडा सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांचा बनलेला असतो आणि तो पांढऱ्या भागात व गाभ्यात जवळजवळ सारखाच असतो. बळकटीतही फारसा भेद नसतो. सारा फरक अल्प प्रमाणात असलेल्या त्या रसायनांचा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडाचे खुंट जमिनीत अर्धवट पुरून निरनिराळ्या जातींचा टिकाऊपणा पारखला आहे. सरासरी १२० महिने वा अधिक काळ टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात गणले जाते. सागाला या वर्गात स्थान आहे, पण ते केवळ त्याच्या गाभ्याला. पांढऱ्या भागातील पिष्ट हे तर लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे आवडते खाद्य!

गाभाही सर्वत्र सारखा नसतो. अगदी मध्यभागाचे लाकूड झाडाच्या बालवयातील. त्याचे तंतू आखूड व रसायनेही कमी. बाहेरच्या अंगाचा गाभा सर्वांत टिकाऊ. बुंध्याकडून शेंड्याकडे जावे तसतसा गाभा निमुळता होत जातो. फांद्यांचे व कललेल्या खोडाचे लाकूड वाळताना वाकते, पीळ घेते. म्हणूनच जाणते सुतार बुंध्याच्या ओंडक्यावर नजर ठेवून असतात.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने यात मोठा आर्थिक प्रश्न आहे. वनखात्याच्या जुन्या पद्धतीत साग साधारणतः ६० ते ८० वर्षांनी तोडीस येई. १९९० च्या दशकात मात्र वीस वर्षांत सागापासून अमाप पैसा मिळेल, अशी आश्वासने देणाऱ्या योजनांचे पेव फुटले. अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी सेबीला १९९९ मध्ये विनियम करावे लागले. वीस वर्षांचे झाड भरपूर पाणी-खत मिळून जाड झाले, तरी त्यात पांढरा भाग व बालवयातील लाकूड यांचेच प्रमाण मोठे राहते. व्यापारी घेर मोजतो, पण दर ठरवतो गाभा पाहून. बांधावर साग लावणाऱ्याला हे आधीच सांगितले पाहिजे. गडचिरोली-चंद्रपूरच्या सागाला, विशेषतः आलापल्लीच्या जुन्या वनातील सागाला जो लौकिक आहे, तो त्या वृक्षांच्या वयाचा आहे.

ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात नुसते 'सागवान' असे लिहिण्याऐवजी 'पांढरा भाग नसलेले, गाभ्याचे, सुकविलेले सागवान' असे लिहावे आणि माल उतरवून घेताना प्रत्येक नगाची चारही अंगे व दोन्ही टोके पाहावीत. रंग लावल्यावर ही तपासणी होऊ शकत नाही. कोवळे लाकूडच वापरणे भाग असेल, तर ते ओले असतानाच बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून, काही आठवडे झाकून ठेवून मग सुकवावे. द्रावण आत झिरपून पांढऱ्या भागाचे भुंगेऱ्यांपासून रक्षण होते. पावसाच्या माऱ्यात मात्र ही द्रव्ये धुऊन जातात. तेव्हा असे लाकूड आतल्या दारांना, फळ्यांना व बाकांना वापरावे, बाहेरच्या चौकटींना नव्हे.