पंचनाम्यात न मावणारे कारण

यवतमाळकडील एखाद्या कास्तकाराने आत्महत्या केली, की तहसील कचेरीत सिद्ध होणाऱ्या प्रकरणात सातबाऱ्याचा उतारा, वसुलीची नोटीस आणि पंचनामा हे सारे यथास्थित टाचलेले असते. मात्र तो गृहस्थ कित्येक रात्री झोपला नव्हता, पारावर येईनासा झाला होता, लेकीच्या लग्नाचा विषय निघताच उठून जात होता, याची नोंद करावयास त्या कागदांत रकानाच नसतो. मदतीस पात्र की अपात्र, एवढेच सरकारला ठरवावयाचे असते, हे खरे, परंतु कर्जाखाली दबलेले असंख्य लोक जगतात, त्याअर्थी कर्ज हे एकमेव कारण नव्हे, आणि मनाचा दुबळेपणा (हा तर आपल्याकडचा आवडता निवाडा!) मुळीच नव्हे. नापिकी, अपमान, व्यसन, एकाकीपणा आणि उपचारांवाचून राहिलेले नैराश्य यांचा गुंता होतो. त्यातील नैराश्य औषधाने व समुपदेशनाने पुष्कळदा बरे होते. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे आपुलकीने सरळ विचारल्यास तो विचार बळावतो, ही समजूत निराधार आहे. उलट विचारणाऱ्यापाशी मन मोकळे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.