परसबागेचे वर्ष

आपल्या वसतिशाळेत परसबाग सुरू झाली तेव्हा सर्वांत कठोर प्रश्न पालकसभेतून आला. "आमच्या हातचे खुरपे लेकराच्या हाती जाऊ नये म्हणून त्याला इथे धाडले, आणि तुम्ही तेच देता?" पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. श्रमप्रतिष्ठेवरील व्याख्यान हे त्याचे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही स्वतःवर काही नियम घालून घेतले. बागेतील काम दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक नाही, परीक्षेच्या दिवसांत मुळीच नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. मुलगे, मुली आणि शिक्षक यांची पाळी सारखीच. बागेतील भाजी विकली जाणार नाही. ती मुलांच्याच ताटात जाईल.

आपली जमीन काळी आणि भारी. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मृगाच्या आधीच गादीवाफे तयार करावे लागतात. त्यांवर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. कुंपणावर दोडकी आणि कारली. भेंडी पेरल्यापासून साधारण 50 दिवसांत तोडणीस येते आणि पुढे दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर ती जून होते. हाच काळ वर्षावासाचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, आणि त्यापूर्वी भेंडीची पाटी स्वयंपाकघरात पोहोचलेली असते.

एका वर्षी पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर केवडा रोग पसरला. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या दिसत होत्या, तरी आणखी एक तोडा मिळेल या लोभाने आम्ही ती झाडे ठेवली. सारा वाफा गेला. तेव्हापासून रोगट झाड दिसले की त्याच दिवशी उपटतो.

बागेचे खरे वैभव हिवाळ्यात. वांगी, टोमॅटो व कोबी यांची रोपे आधी वाफ्यात वाढवून मग लावतात. मेथी, पालक, मुळा आणि सांबार (कोथिंबीर म्हटले तर आमची मुले क्षणभर थांबतात) थेट पेरतात. मेथी 25 ते 30 दिवसांत काढणीस येते. पहिल्या वर्षी आम्ही ती एकदम पेरली आणि आठवडाभर दोन्ही वेळा मेथीच वाढली. मुलांनी केलेली तक्रार रास्त होती. आता दर 10 दिवसांनी एकच वाफा पेरतो. पालेभाजीबरोबर लिंबाची फोडही देतो, कारण भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास 'क' जीवनसत्त्वाची मदत होते.

उन्हाळ्यात पाणी कमी आणि मुले घरी. सांडपाण्याच्या चरावरील केळी व अळू तेवढे हिरवे राहतात.

बागेवर स्वयंपाकघर चालते, असा दावा आम्ही करत नाही. कांदे, बटाटे, डाळी बाजारातूनच येतात. मात्र बियाणे बऱ्याच अंशी घरचे असते. प्रत्येक वेलावरील एक उत्तम दोडका तोडायचा नाही, तो वेलावरच वाळू द्यायचा. त्यातील बिया राखेत घोळून बरणीत भरतात. स्नेहसंमेलनास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी ही बरणी मागावी. मूठभर बिया नेण्यास मनाई नाही.