अपघातानंतरची वर्षं – लेखांक ५ : न काढलेला एक्स-रे

छत्री हरवल्याचं, पुढे चित्रकार म्हणून गाजलेल्या फ्रीडा काहलोच्या लक्षात आलं ते बसमध्ये चढल्यावर. ती आणि तिचा मित्र अलेहांद्रो गोमेस आरियास खाली उतरले आणि नंतर दुसऱ्या बसमध्ये बसले. १७ सप्टेंबर १९२५, मेक्सिको सिटी. फ्रीडा तेव्हा १८ वर्षांची होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं.

बस लाकडी होती, प्रवासी दोन्ही बाजूंच्या लांब बाकांवर समोरासमोर बसलेले. तिच्यावर धडकलेली ट्राम काही भरधाव आली नाही. ती बसला रेटत गेली आणि बस वाकत गेली. समोरच्या माणसाच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकले, हे अलेहांद्रोला पुढे कायम आठवत राहिलं. मग बसच्या चिंधड्या उडाल्या. धरायचा लोखंडी दांडा फ्रीडाच्या ओटीपोटातून आरपार गेला. कुणा प्रवाशाजवळची सोनेरी पूड तिच्या रक्तबंबाळ अंगावर सांडली होती. एका माणसानं तिच्या अंगावर गुडघा रोवून तो दांडा उपसून काढला. प्रथमोपचाराच्या वर्गात आज नेमकं हेच करू नका म्हणून बजावतात, कारण घुसलेली वस्तूच कधीकधी रक्त थोपवून धरते.

उजव्या पायाला अकरा ठिकाणी मोड, त्याच पायाचं पाऊल चिरडलेलं, कमरेचा सांगाडा तीन ठिकाणी तुटलेला, गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडलेल्या. ही मुलगी वाचेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. ती वाचली आणि महिन्याभरानं घरी आली.

पण पाठ दुखतच राहिली. कण्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. सुमारे वर्षभरानं एक्स-रे काढला, तेव्हा तीन मणके जागचे सरकलेले दिसले. असं का होतं, हे समजायला फार अवघड नाही. एवढ्या मोठ्या जखमा समोर असल्या की सगळं लक्ष त्यांच्याकडे जातं. रोगी आडवाच पडून असतो, त्यामुळे कण्यावर भार येत नाही आणि तो फारसा कुरकुरतही नाही. माणूस उठून चालायला लागला की त्याची तक्रार सुरू होते. मणका वेडावाकडा राहिला की त्याच्या वाटणीचा भार शेजारच्यांवर पडतो, पाठीचे स्नायू सतत ताठलेले राहतात आणि दुखणं मूळ जागेपासून पसरत जातं. जोराच्या धडकेतला रोगी आला की तपासून खात्री होईपर्यंत कण्याला दुखापत आहे असंच धरून चालायचं, ही शिस्त बरीच नंतर आली.

मग प्लास्टरचा पट्टा आला, छाती ते कंबर आवळून धरणारा. पुढे चामड्याचे आले, पोलादाचेही. प्लास्टरच्या पट्ट्यांवर ती चित्रं काढायची. एकावर कोयता-हातोडा आहे आणि त्याखाली गर्भ. तिला मूल हवं होतं. १९३२ साली डेट्रॉइटमध्ये गर्भपात झाला, आणि तो शेवटचा नव्हता.

इथे एक गुंता आहे. सहाव्या वर्षी झालेल्या पोलिओनं तिचा उजवा पाय आधीच बारीक झाला होता. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. लिओ एलोसर यांनी तपासलं, तेव्हा कण्यात जन्मजात दोषही सापडला. मग अपघातानं किती दिलं आणि मुळातलं किती होतं? आपल्याकडे मोटार अपघात दाव्यात कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी सांगताना डॉक्टरला हाच प्रश्न उलटतपासणीत हमखास विचारला जातो. फ्रीडाच्या पायापुरतं बोलायचं, तर अशी वाटणी करता येईल असं वाटत नाही. पोलिओनं अशक्त झालेला पायच बसमध्ये चिरडला गेला. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखमा चिघळायच्या आणि बोटांवर शस्त्रक्रिया व्हायच्या. शेवटी गँगरीन झालं आणि ऑगस्ट १९५३ मध्ये गुडघ्याखालून पाय कापावा लागला. धडकेला तेव्हा जवळजवळ २८ वर्षं झाली होती.

मधल्या काळात १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये कमरेचं हाड घेऊन मणके सांधण्यात आले. १९५० साली पुन्हा हाडाचं कलम झालं, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि जवळजवळ सगळं वर्ष इस्पितळात गेलं. उपचार करणाऱ्या डॉ. फारिल यांचं व्यक्तिचित्र काढताना तिनं स्वतःला चाकाच्या खुर्चीत रंगवलं. त्या चित्रात रंगाच्या पाटीच्या जागी हृदय आहे आणि हातातल्या कुंचल्यांतून लाल थेंब गळताहेत. वेदनाशामकांचा डोस तोवर वाढत चालला होता. पेथिडीन सुटत नव्हतं.

१३ जुलै १९५४ रोजी ती गेली, वयाच्या ४७व्या वर्षी. नवऱ्यानं, दिएगो रिव्हेरानं, घरातल्या न्हाणीघरात तिच्या वस्तू बंद करून ठेवायला सांगितल्या होत्या. ते दार २००४ साली उघडलं. आत पट्टे होते, एक टाच उंच केलेले जोडे होते, औषधं होती आणि लाल चामडी बूट घातलेला कृत्रिम पाय. बुटावर चिनी रेशमी भरतकाम केलेलं होतं आणि घुंगरू बांधलेला होता.

(पुढच्या आठवड्यात : मानेला बसलेला झटका, जो एक्स-रेत बहुधा दिसतच नाही)