मोबाईल फोनवरील 'सिग्नलवर्धक' चिकटपट्ट्या : दावे आणि वास्तव

प्रस्तावना :

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईल फोनवरून संभाषण केले आणि भारतात या सेवेचा आरंभ झाला. त्यानंतरच्या तीन दशकांत 'रेंज' हा शब्द मराठी बोलीत इतका रुळला आहे की, त्यास प्रतिशब्द शोधण्याची गरजही कोणास भासत नाही. 'रेंज नाही' ही तक्रार मात्र आजही संपलेली नाही. सन २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील व अन्य डोंगराळ भागांतील विद्यार्थी ऑनलाईन तासिकांसाठी टेकड्यांवर जाऊन बसत होते, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने स्वतः अनुभवली आहे.

या खऱ्याखुऱ्या गरजेच्या आधारे एक छोटासा बाजार उभा राहिला. २००० नंतरच्या दशकात फोनच्या बॅटरीमागे चिकटविण्याच्या सोनेरी पट्ट्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. फोनला चार फुटी अँटेना जोडल्यासारखा परिणाम होतो, असे त्यांच्या जाहिरातींत सांगितले जाई. फोनचे स्वरूप बदलले तरी पट्ट्या गेल्या नाहीत. केवळ त्यांवरील अक्षरे बदलली व पुढे '४जी', '५जी' असे छापले जाऊ लागले. या पट्ट्यांमुळे सिग्नल खरोखर सुधारतो काय, या प्रश्नाचा भौतिकशास्त्राच्या आधारे ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ऊर्जा कोठून येणार?

सदर पट्टी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये बसविलेली धातूच्या वर्खाची नक्षी होय. तीस फोनच्या विद्युतमंडलाशी जोडणारी तार नसते, तिच्यात प्रवर्धक नसतो आणि तीस वीजपुरवठाही नसतो. अशा घटकास 'निष्क्रिय घटक' म्हणतात. निष्क्रिय घटक ऊर्जा निर्माण करू शकत नाही; आलेली ऊर्जा तो फार तर वळवू, परावर्तित करू किंवा शोषू शकतो.

फोनपर्यंत पोहोचणारी ऊर्जा किती सूक्ष्म असते, हे येथे लक्षात घेणे उद्बोधक ठरेल. ग्रहण केलेल्या सिग्नलची शक्ती 'डीबीएम' या एककात मोजतात. हे मोजमाप लॉगॅरिथमी असून शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. उणे १०० डीबीएम इतका सिग्नल म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग. तरीही एवढ्यावर संभाषण होऊ शकते. उणे ७० आणि उणे १०० या आकड्यांत तीसचा फरक दिसतो, परंतु प्रत्यक्ष शक्तीत तो एक हजार पटींचा असतो. ज्यास जाणवण्याजोगी सुधारणा म्हणावे तीसाठी निदान दहा डेसिबलची, म्हणजे दहा पटींची, वाढ तरी हवी. टपाल तिकिटाहून थोड्या मोठ्या वर्खास ती साधेल काय?

तारेवाचून अँटेनाचे कार्य सुधारता येतच नाही, असे मात्र नव्हे. जपानमधील तोहोकु विद्यापीठातील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेली अँटेना याचे उत्तम उदाहरण आहे. एकेकाळी दूरदर्शनसाठी घराघराच्या छपरांवर उभी असलेली आडव्या दांड्यांची अँटेना ती हीच. तिच्यातील एकाच दांडीस तार जोडलेली असते. उर्वरित दांड्या निष्क्रियच असतात. तथापि त्यांची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या जवळपास असते व त्यांतील अंतरेही तरंगलांबीच्या हिशोबाने ठरविलेली असतात. शिवाय एका दिशेस मिळालेला लाभ अन्य दिशांच्या वाट्यातून आलेला असतो, म्हणून ती विशिष्ट दिशेस रोखावी लागते.

हा निकष चिकटपट्टीस लावून पाहावा. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेस तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० ला १६.७, २३०० ला १३, तर ५जी साठी वापरात असलेल्या ३५०० मेगाहर्ट्झच्या परिसरात ती सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते. आजचा फोन यांपैकी अनेक पट्टे आलटून पालटून वापरतो. एकाच मापाची पट्टी या सर्वांस अनुरूप असणे शक्य नाही. पट्टी कोठे चिकटवावी, याविषयी पाकिटावर असते ते 'मागील बाजूस' एवढेच. फोनची आतील अँटेना कोणी वरच्या कडेस, कोणी खालच्या कडेस बसवितो. पट्टी बॅटरीवर लावल्यास तिच्यालगत बॅटरीचा धातू येतो आणि तिचा जो काही परिणाम व्हावयाचा तोही उरत नाही. ती योगायोगाने अँटेनावर आलीच, तर अँटेनाची सुसंगती बिघडण्याचा संभव अधिक. मग टॉवरशी संपर्क टिकविण्यासाठी फोन प्रक्षेपणाची शक्ती वाढवितो व बॅटरी लवकर संपते.

या संदर्भात लुकलुकणाऱ्या दिव्यांची आठवण अनेकांस असेल. फोन वाजण्यापूर्वीच चमकू लागणारी लेखणी किंवा दिव्यांचे स्टिकर त्या काळी तरुणांत फार लोकप्रिय होते. त्यांपैकी काही दिव्यांस लागणारी वीज फोनने प्रक्षेपित केलेल्या लहरींतूनच मिळत असे. फोनवर चिकटविलेली वस्तू लहरींवर परिणाम करू शकते, हे त्यांनी निश्चितपणे सिद्ध केले. फक्त तो परिणाम देण्याचा नसून घेण्याचा होता.

पडद्यावरील रेघा :

असे असूनही 'पट्टी लावल्यावर रेंज वाढली' असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांस खोटे ठरविण्याची घाई करू नये. त्यांचा अनुभव खरा असतो, कारण मात्र दुसरे असते.

टॉवरपासून निघालेली लहर थेट फोनवर येते असे क्वचितच घडते. भिंती, डोंगर, वाहने यांवरून परावर्तित झालेल्या अनेक लहरी एकाच वेळी पोहोचतात. त्या काही ठिकाणी परस्परांस पूरक ठरतात, तर काही ठिकाणी मारक. ही ठिकाणे वीतभराहूनही कमी अंतरावर असू शकतात. फोन तेवढा सरकला, तरी सिग्नलमध्ये दहा-पंधरा डेसिबलची चढउतार होऊ शकते. पट्टी लावताना फोन उचलला जातो, उलटा होतो, बहुधा बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि पुन्हा नेमका त्याच जागी ठेवला जात नाही. पुन्हा सुरू झालेला फोन नव्याने टॉवर शोधतो, तो कदाचित अधिक सोयीचा असतो. या सर्वांचे श्रेय पट्टीस मिळते.

त्यातच पडद्यावरील रेघांस कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. किती डीबीएमला किती रेघा दाखवायच्या, हे सामान्यतः उत्पादक ठरवितो. याचे गाजलेले उदाहरण २०१० मधील आयफोन ४ चे होय. या फोनची पोलादी कड हीच त्याची अँटेना होती. कडेच्या डाव्या खालच्या भागातील फट बोटाने वा तळहाताने झाकली गेल्यास सिग्नल कोसळत असे. तक्रारी वाढल्यावर ॲपलने २ जुलै २०१० रोजी एक पत्रक काढून मान्य केले की, रेघा दाखविण्याचे सूत्रच चुकीचे असून अनेकदा योग्य संख्येपेक्षा दोन रेघा अधिक दिसतात. अर्थात त्या दोन रेघा मुळात नव्हत्याच!

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहक-नियतकालिकाने प्रयोगशाळेत तपासणी करून दोषास दुजोरा दिला आणि उपाय सुचविला तो सदर फटीवर साधी डक्ट टेप चिकटविण्याचा. पुढे ॲपलनेही कडेभोवती बसणारे वेष्टन ग्राहकांस विनामूल्य दिले. म्हणजे फोनवर चिकटविलेल्या पट्टीने सिग्नल खरोखर सुधारल्याचे हे उदाहरण आहे. परंतु त्या पट्टीने सिग्नल 'वाढविला' नाही. हाताच्या स्पर्शाने होणारे नुकसान तिने टाळले. तिच्यात सोनेरी नक्षी नव्हती, आणि तो उपाय एका विशिष्ट रचनेच्या फोनपुरताच होता.

विरुद्ध दाव्याच्या पट्ट्या :

याच दुकानांत फोनमधील किरणोत्सर्ग रोखणाऱ्या पट्ट्याही मिळतात, ही मौजेची बाब होय. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा पट्ट्या विकणाऱ्या दोन कंपन्यांविरुद्ध कारवाई केली. कानाजवळील छिद्रावर लावावयाची पट्टी बहुतांश किरणोत्सर्ग अडविते, असा त्यांचा दावा होता; वास्तविक लहरी मुख्यतः अँटेना व फोनच्या इतर भागांतून बाहेर पडतात. भारतातही ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनविलेली 'चिप' सादर केली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्राद्वारे त्यामागील पुरावा मागितला. डिसेंबर २०२१ मध्ये तर नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ५जी पासून संरक्षणाच्या नावाखाली विकली जाणारी दहा उत्पादने वापरू नयेत, असा इशारा दिला. त्या वस्तूच किरणोत्सारी असल्याचे आढळून आले होते. शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न येथे आरोग्याचा प्रश्न होतो.

खरे उपाय :

सिग्नल सुधारण्याचे सिद्ध मार्ग आहेत; फक्त ते पाकिटात मावत नाहीत. उंची आणि टॉवरच्या दिशेस मोकळी दृष्टिरेषा यांहून प्रभावी उपाय नाही, म्हणूनच विद्यार्थी टेकडीवर जात होते. जेथे ब्रॉडबँड पोहोचले आहे तेथे २०१९ च्या अखेरीपासून भारतात उपलब्ध झालेली वाय-फाय कॉलिंग सेवा उपयुक्त ठरते. विजेवर चालणारे 'बूस्टर' किंवा रिपीटर सिग्नल खरोखर वाढवितात. तथापि ते परवान्याशिवाय बसविणे भारतात बेकायदेशीर आहे. त्यांचा गोंगाट टॉवरपर्यंत पोहोचून परिसरातील इतरांचे संभाषण बिघडते, हे त्याचे कारण होय.

महाविद्यालयातील प्रयोग :

पट्टीची परीक्षा घेण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा डीबीएम आकडा दिसतो. रेघांऐवजी तोच नोंदवावा. फोन लाकडी टेबलावर आखलेल्या चौकटीत ठेवावा आणि निरीक्षकाने दूर उभे राहावे, कारण माणसाचे शरीरही लहरी शोषते. फोन एकाच पिढीच्या नेटवर्कवर स्थिर ठेवावा. ४जी व २जी चे आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जात असल्याने त्यांची तुलना करता येत नाही. दोन सारखी प्लॅस्टिकची कव्हरे घ्यावीत. एकास आतून सोनेरी पट्टी, तर दुसऱ्यास तेवढ्याच आकाराचा साधा कागद चिकटवावा. कोणते कव्हर चढवावयाचे हे एका विद्यार्थ्याने नाणे उडवून ठरवावे व आकडा नोंदविणाऱ्यास ते कळू देऊ नये. अशा पन्नास-साठ नोंदी घेऊन दोन्ही गटांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढावे. सिग्नल वाढविणारी आणि किरणोत्सर्ग अडविणारी अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आणून तिसरे कव्हरही तयार केल्यास, संख्याशास्त्राच्या विभागास प्रचरण विश्लेषणासाठी आयतीच सामग्री मिळेल.