कवळी नव्हे, रिटेनर!

शूर्पणखेच्या नाकावरून आमच्या नाशिकला नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरात मात्र गेली तीन वर्षे बोलणे चालते ते दातांचे. कन्येच्या दातांना तारा लागल्या, दोन वर्षांनी त्या निघाल्या. तिने आरशात पाहिले, मी खिशाकडे पाहिले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरी जपणूक आता सुरू. रोज रिटेनर घालायचा."

'रिटेनर'ला मराठी शब्द शोधण्यात मी एक संध्याकाळ घालवली. (मराठीच्या प्राध्यापकाला हे व्यसनच असते.) 'दंतधारक' सुचला, घरात कुणी तो तोंडात घेतला नाही. आईने ती पारदर्शक वस्तू हातात धरली आणि सरळ 'कवळी' म्हटले. सोळा वर्षांच्या मुलीची कवळी! दोन दिवस आजी-नातीचा अबोला होता.

सरळ केलेले दात पुन्हा सरकतात कसे? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाशी आणि हिरडीशी बांधलेला असतो. दात हलला तरी हे ताणलेले तंतू त्याला जुन्या जागी ओढू पाहतात. हाड काही महिन्यांत घट्ट होते, हिरडीतल्या काही तंतूंना मात्र वर्षभर लागते. शिवाय वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटी करतात ते वेगळेच. त्याचे उदाहरण म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझ्याच तोंडाकडे बोट दाखवले.

सुरुवातीला आम्ही पारदर्शक साचा घेतला. तो दिसत नाही, म्हणून मुलांना आवडतो. तो गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवायचा. टूथपेस्टने ओरखडे पडतात. जेवताना काढायचा, पण कागदी रुमालात गुंडाळून ठेवायचा नाही, नाहीतर पत्रावळींबरोबर तोही जातो. कढत पाणी तर मुळीच नको.

आणि नेमके तेच झाले. गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलगी स्नानाला गेली होती. तोंडातली उष्टी वस्तू नुसत्या गार पाण्याने कशी शुद्ध होणार, म्हणून आईने चहाचे आधण तिच्यावर ओतले. साचा आकसला. मुलगी कुणाला काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी वरचा एक दात तिरपा दिसू लागला, तेव्हा कुठे उलगडा झाला. मी रागावलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आजीला बोलला असता."

यावर मला उत्तर सुचले नाही.

दात थोडाच सरकला होता, म्हणून वरती अ‍ॅक्रिलिकची टाळूपट्टी आणि तार असलेला रिटेनर बसवला. चार्ल्स हॉली या अमेरिकन दंतवैद्याचे नाव त्याला आहे. तो पुष्कळ टिकतो, आणि त्याची तार थोडी वळवून असा चुकार दात परत आणता येतो. पहिले काही दिवस 'स' आणि 'श' घसरतात. माझ्या कानांना तो एक छळच झाला. खालच्या दातांना मागून बारीक तार चिकटवली. ती काढण्या-घालण्याची कटकट नाही, पण तिच्याखाली कीटण साचते, आणि एखाद्या दातावरून ती सुटली तरी चटकन कळत नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही.

आता दात जागेवर आले आहेत. रात्री दिवा मालवण्याआधी आई माजघरातून विचारते, "कवळी घातलीस का गं?"

"घातली, आज्जी," असे आतून उत्तर येते. 'ज'सुद्धा थोडा घसरतोच.