पाटी बदलते, मैदान तेच

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा अशी गोटमार सुरू होते. त्या दगडफेकीत माणसांचे जीव गेले आहेत. तिचे कौतुक मला करवत नाही. पण त्या जागेकडे पाहताना एक गोष्ट मनात येते. तिला कोनशिला लागत नाही. नदी आणि झाड एवढ्या खुणा गावाला पुरतात.

विद्यापीठांच्या मैदानांचे तसे नसते. त्यांच्या कमानीवर नाव असते, आणि ते बदलते. सावरगावच्या एखाद्या घरात तीन पिढ्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत धाव घेतली असेल, तर त्या घरच्या ट्रंकेतली प्रमाणपत्रे शेजारी ठेवून पाहावीत. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा सगळ्या मध्यप्रांताचा आधार तेच होते. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःची मिळकत ओतून सागरला विद्यापीठ उभारले आणि पुढे, पांढुर्णा तेव्हा ज्यात होते त्या छिंदवाडा जिल्ह्यातली महाविद्यालये सागरकडे राहिली. म्हणजे आजोबांच्या कागदावर ‘सागर विद्यापीठ’. १९८३ मध्ये त्याला गौरांचे नाव मिळाले, म्हणून वडिलांच्या कागदावर ‘डॉ. हरिसिंह गौर’. २००९ मध्ये सागर केंद्रीय विद्यापीठ झाले आणि पुढे ही महाविद्यालये जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाकडे गेली. २०१९ मध्ये छिंदवाडा विद्यापीठ निघाले. थोड्याच काळात त्याला राजा शंकर शाह यांचे नाव दिले गेले. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी ज्यांना मुलासह जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले, ते हे गोंड राजे. त्यांचे नाव लागले याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या साऱ्या काळात सावरगावची मुले पळाली ती त्याच काळ्या मातीवर. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा प्रमाणपत्रावरचा जिल्ह्याचा रकानाही बदलला.

नाव टिकते कसे, याचे एक उदाहरण अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात सापडते. तिथल्या मैदानाला १९१९ मध्ये ‘हेवर्ड फील्ड’ हे नाव मिळाले. बिल हेवर्ड हे तिथले प्रशिक्षक. १९०४ पासून १९४७ पर्यंत त्यांनी मुलांना धावायला शिकवले. म्हणजे नाव लागले तेव्हा ते रोज त्याच मैदानावर उभे होते. आधी तिथे अमेरिकन फुटबॉल व्हायचा. तो १९६७ मध्ये दुसरीकडे गेला. १९२५ ची लाकडी गॅलरी २०१८ मध्ये पाडली, तेव्हा जुन्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. अफाट पैसा ओतून नवे स्टेडियम उभे राहिले, पण नाव हेवर्डचेच राहिले. २०२२ मध्ये तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत अकरावा आला. शेतकऱ्याचा हा पोरगा ज्या मैदानावर पळाला, त्याचे नाव एका मास्तराचे होते, हे मला फार मोलाचे वाटते.

ऑक्सफर्डने वेगळी वाट धरली. ६ मे १९५४ रोजी इफली रोडच्या धावपट्टीवर रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. त्यांचे नाव त्या धावपट्टीला मिळाले २००७ मध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. रस्त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडातून गेले नाही. दोन्ही नावे आज सुखाने नांदतात.

मला हीच रीत योग्य वाटते. जुने नाव पुसले की त्या नावाखाली पळालेल्यांची पावलेही पुसली जातात. आजोबांचे प्रमाणपत्र नातवाला परक्या विद्यापीठाचे वाटते.

पांढुर्णा जिल्हा अजून नवा आहे. उद्या इथे चांगली धावपट्टी होईल, नावाची चर्चा होईल. तेव्हा पहाटे शिट्टी घेऊन मैदानावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा विचार आधी करा. आणि पुढे कधी नाव बदललेच, तर जुनी पाटी भंगारात देऊ नका. सालासकट नव्या पाटीखाली लावा.