गाणं तयार आहे? मग रिलीजची घाई नको!

गाणं रेकॉर्ड झालं की कधी एकदा सगळ्यांना ऐकवतो असं होतं. पण कंपनीच्या पाठबळाशिवाय काम करणाऱ्या कलाकाराला हीच घाई महागात पडते. कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी फक्त रिलीज न झालेलं गाणंच पाठवता येतं. 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'वर ही सोय मोफत आहे. किमान 7 दिवस आधी गाणं पाठवलं, तर संपादकांनी निवडलं नाही तरी ते फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार'मध्ये जातं. म्हणून गाणं ॲप्सवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे ते तीन-चार आठवडे आधीच द्या. मधल्या दिवसांत रील्समधून त्याची झलक दाखवत राहा.

पैसे घेऊन स्ट्रीम्स वाढवून देणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. 2024 पासून स्पॉटिफायवर गाण्याला मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम्स नसतील, तर रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. त्यामुळे आकडा विकत घ्यायचा मोह होतो. पण बनावट स्ट्रीम्स पकडले गेले तर ते मोजले जात नाहीत, आणि गाणंही काढलं जाऊ शकतं. त्यापेक्षा गाणं शेवटपर्यंत ऐकून मित्रांना पाठवणारे शंभर श्रोते मोलाचे!